‘सोबतीला राहते’ : एका घराचं प्रकरण

दवाखान्याच्या फाइलची झेरॉक्स माझ्याकडे आली तेव्हा मी आधी बिलं बघितली, मग रिपोर्ट, आणि सगळ्यात शेवटी पहिलं पान. दाखल करताना भरलेला फॉर्म होता तो. ‘सोबत आलेल्या व्यक्तीचे नाव’ या ओळीत मावशींचं नाव. पुढे ‘रुग्णाशी नाते’. तिथे काउंटरवरच्या पोरानं निळ्या पेनानं लिहिलं होतं : कामवाली.

तोवर त्या दोघींना एका घरात राहून अठ्ठावीस वर्षं झाली होती.

नावं लिहीत नाही, ओळख पटेल असे तपशीलही थोडे इकडेतिकडे केलेत. एक बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, सगळा गाव त्यांना बाईच म्हणतो, आणि मीही चौथीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकले. दुसऱ्या मावशी. शाळेत खिचडी शिजवायच्या, म्हणून सगळ्या लेकरांच्या मावशी. दोघींचं लग्न झालेलं नाही. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. हे प्रकरण २०२४ च्या श्रावणात माझ्याकडे आलं आणि त्यातला एक तुकडा अजून संपलेला नाही.

मावशींच्या माहेरी ऊसतोड. दसरा झाला की बैलगाड्या नाहीतर ट्रक भरून सगळं घर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यावर जायचं. ज्यांनी ही टोळी जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते की त्या धंद्यात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, ती जोडीला. एकटा गडी नाहीतर एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. बीड भागात पोरींची लग्नं सोळाव्या वर्षी उरकायची घाई का होते, याचं एक कारण या हिशोबात आहे. मावशी दोन हंगाम भावाबरोबर गेल्या, बहीण-भावाचा कोयता म्हणून चाललं. भावाचं लग्न झालं आणि त्याची जोडी पुरी झाली. “माझा कोयता अर्धाच राहिला,” मावशी सांगतात. “मुकादम म्हनला, लगीन कर, उचल देतो. म्या म्हनलं, उचलीसाठी लगीन करू का?”

त्या वर्षी टोळी गेली आणि मावशी गावात मागं राहिल्या. १९९६ साल. त्याच गावात बाईंची बदली झालेली. एकट्या बाईला खोली भाड्यानं मिळाली, पण घरमालकीण म्हणाली, रात्री सोबतीला कुणी तरी ठेवा. मावशी रात्री झोपायला येऊ लागल्या. पुढं दिवसाही राहू लागल्या. बाईंची बदली झाली की मावशींची वळकटी त्याच टेम्पोत. खिचडी शाळेत शिजायला लागली तेव्हा मावशींना ते काम लागलं. २००४ मध्ये बाईंनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून तालुक्याच्या गावी तीन खोल्यांचं घर बांधलं, नावावर एकट्या बाईंच्या. वाळूच्या ट्रकमागं उभं राहून विटा मोजून घेतल्या त्या मावशींनी.

लोक विचारायचे, मावशी, तुमी बाईंच्या कोन? उत्तर ठरलेलं असायचं : “म्या बाईंच्या सोबतीला राहते.”

हा शब्द जुना आणि चांगला आहे. आपल्याकडं बाळंतिणीच्या सोबतीला बाई येते, शेतावर जागलीला सोबत लागते, आणि त्यात कुणी कुणाला दाखला मागत नाही. आमचं गाव जनाबाईचं. नामदेवांच्या घरात वाढलेली जनी ना रक्ताची ना लग्नाची, तरी त्या घराचं नाव घेतलं की तिचं नाव येतंच. ती स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणायची. काउंटरवर तेही ‘कामवाली’ असंच उतरलं असतं, असं मला त्या झेरॉक्सकडे बघून वाटलं.

त्या दिवशी काय झालं

सकाळी सव्वासहाला मावशी दूध तापवत होत्या. बाईंनी कप उचलला आणि तो हातातून सुटला. “बगते तर तोंड वाकडं व्हायलंय आन् बाई बोलनाच झाल्या की वो.” मावशींनी शेजारच्या पोराची रिक्षा आणली. तालुक्याच्या दवाखान्यातून परभणीला पाठवलं. नऊच्या सुमारास एका खासगी दवाखान्यात सिटी स्कॅन झाला आणि लकवा गुठळीचा असल्याचं कळलं.

अशा लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणजे पावणेअकरापर्यंत वेळ होता. इंजेक्शन महाग, आणि त्यानं मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो, म्हणून सही मागतात. मावशी सही करायला तयार होत्या. त्यांच्या हातरुमालात पैसे होते, कमी पडले तर गळ्यातली पोत होती. त्यांना सांगितलं गेलं, तुम्ही नाही, रक्ताचं नातं पाहिजे.

बाईंचा मोबाइल कुलूपबंद. शाळेतल्या एका जुन्या सरांनी बाईंच्या भावाच्या मुलाचा नंबर शोधला. तो छत्रपती संभाजीनगरला. दोन वाजता पोचला, सही केली, ऐंशी हजार भरले. तोवर वेळ निघून गेली होती.

मी इथं जपून लिहिते. इंजेक्शन मिळालं असतं तर बाई आज बोलल्या असत्या, असं मला म्हणता येणार नाही. ते प्रत्येकाला चालत नाही आणि चाललं तरी गुण येईलच असं नाही. डॉक्टरांची भीतीही मला कळते. रक्तस्राव झाला की ‘कुणाला विचारून दिलं’ म्हणत नातेवाईक काचा फोडतात, हे आपल्या जिल्ह्यात काही नवं नाही. पण कायद्यात तसं नाही. रुग्ण शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर संमती त्याची स्वतःची. तो संमती देण्याच्या अवस्थेत नसेल आणि जीव वाचवायला उपचार तातडीचा असेल, तर डॉक्टर संमतीशिवाय तो करू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात हे स्पष्ट केलेलं आहे. ‘रक्ताच्या नात्याची सही’ ही कायद्याची अट नाही, दवाखान्याची सवय आहे.

माझ्या नवऱ्याचं आणि माझं पंधरा दिवस बोलणं बंद असेल तरी त्याची सही त्या काउंटरवर अर्ध्या मिनिटात चालली असती. लग्नाचा दाखलाही कुणी मागितला नसता.

पुढचे चार दिवस आयसीयूचा पास भाच्याच्या बायकोकडे होता. मावशी जिन्याच्या पायरीवर बसून होत्या. बाईंना पाणी कुठल्या कुशीवर वळवून पाजलं की ठसका लागत नाही, त्यांना कोणत्या गोळीनं पित्त उठतं, हे त्या दवाखान्यात एकट्या मावशींना ठाऊक होतं.

भाचा

भाच्याला खलनायक करून लिहिणं सोपं आहे, पण तो तसा नाही. आत्यासाठी धावत आला, पैसे भरले, आठवडाभर सुट्टी काढली. त्याच्या लहानपणापासून त्याला सांगितलेलं होतं की आत्याकडं एक कामाला बाई असते. डिस्चार्ज झाल्यावर तो मावशींना म्हणाला, “आत्याला मी घेऊन जातो. घर भाड्यानं देतो, औषधाला पैसे लागतील. तुम्हाला महिनाभराचा पगार देतो, तुम्ही गावाकडं जा.”

मावशींना घाव बसला तो ‘पगार’ या शब्दाचा. घरातून काढतील याचा नाही, हे त्या माझ्याकडं आल्या तेव्हा पहिल्या वाक्यात कळलं : “पोरी, म्या बाईंकडून कवा पगार घेतला का?”

कागद काय म्हणतो

बाईंनी मृत्युपत्र केलं नव्हतं. हिंदू वारसा कायदा, १९५६ चं कलम १५ असं चालतं : बाई मृत्युपत्र न करता गेली तर आधी मुलं आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस, मग आई-वडील, मग वडिलांचे वारस. बाईंना मुलं नाहीत, नवरा नाही, आई-वडील गेले. म्हणजे घर भाऊ-बहिणींकडे. त्या यादीत शोधत कितीही खाली गेलात तरी मावशी सापडत नाहीत.

यात एक गंमतही आहे, कडवट. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मानं हक्क दिला, केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीच्या अकरा वर्षं आधी. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणींना तेव्हा जे मिळालं नाही ते बाईंना मिळालं, केवळ त्या बिनलग्नाच्या होत्या म्हणून. अविवाहित बाईच्या बाजूनं झुकणारा कायदा माझ्या वकिलीत मला हा एकच भेटला. बाईंनी काय केलं? वडील गेल्यावर भावांनी हक्कसोडपत्र पुढं केलं आणि बाईंनी सही केली. “मला एकटीला कशाला लागतंय.” आता त्याच भावांचं घर बाईंच्या कमाईच्या घराला वारस लावायला निघालं होतं.

जोडी बाई-पुरुषाची असती तर? थोडं बळ मिळालं असतं. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ ‘विवाहाच्या स्वरूपाचे’ संबंध धरतो, म्हणजे त्यातल्या बाईला घरातून सहज हाकलता येत नाही. दीर्घकाळ नवरा-बायकोसारखं राहिलेल्यांचं लग्न झालंच आहे असं गृहीत धरण्याचीही न्यायालयांची जुनी रीत आहे. पण नीट बघा, दोन्हीकडे फूटपट्टी लग्नाचीच. नातं लग्नासारखं दिसेल तेवढंच ते खरं.

सर्वोच्च न्यायालय यापुढे गेलेलं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये दीपिका सिंह प्रकरणात, एका नर्सच्या प्रसूती रजेवरून वाद होता तो, न्यायालयानं म्हटलं की कुटुंब म्हणजे आई-बाप-लेकरं एवढंच नाही. लग्नाशिवायची सोबतही कुटुंब असू शकते आणि तिलाही कायद्याचं संरक्षण मिळायला हवं. निकाल चांगला आहे. मी तो छापून भाच्याच्या वकिलाला दिला. पण काउंटरवरच्या पोरासमोर निकाल नसतो, रकाना असतो.

आम्ही काय केलं, आणि मी कुठं चुकले

सुरुवात बाईंना विचारण्यापासून केली. ऐकायला साधं वाटेल, पण तोवर दीड महिना त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं : आकलन शाबूत, वाचा गेलेली, उजवी बाजू अधू. डाव्या हातानं आपला हात एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही. ही खूण मावशींनी जिन्याच्या पायरीवरून आयसीयूत जाता आलं त्या पहिल्याच दिवशी बसवली होती.

भाच्यासमोर विचारलं, संभाजीनगरला जायचं का? दोनदा दाबला. इथंच राहायचं? एकदा. भाचा गप्प झाला. सज्ञान माणूस कुठं राहणार हे तो स्वतः ठरवतो, त्यावर मला युक्तिवाद करावा लागला नाही.

घराचा प्रश्न मोठा होता. बक्षीसपत्र केलं तर घर लगेच मावशींच्या नावावर होतं. पण राहतं घर नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, आणि मावशी या यादीत नाहीत. त्यांना विक्रीसारखाच दर लागतो, म्हणजे काही लाखांच्या घरावर हजारोंचा खर्च. नवरा असता तर ते शुल्क दोनशे रुपयांत भागलं असतं. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, म्हणून मृत्युपत्र ठरलं.

इथं मी शहाणपणा केला. मसुदा असा लिहिला की मावशींना हयातभर राहण्याचा हक्क आणि त्यांच्यानंतर घर भाच्याला. पुढं भांडण नको, भाच्यानं खर्चही केलाय, असा माझा हिशोब. बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी हात दोनदा दाबला. मला वाटलं समजलं नसेल, परत वाचलं. परत दोनदा. तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा त्यांनी हात काढूनच घेतला आणि माझ्याकडं बघितलं, पाढे चुकल्यावर बघायच्या तसं.

घर पूर्ण मावशींना, असा दुसरा मसुदा केला. भाच्याचे ऐंशी हजार बाईंच्या खात्यातून परत करायचे, हे बाईंनीच सुचवलं, पाटीवर डाव्या हातानं ‘८०’ लिहून.

मृत्युपत्र कायद्यानं चालायला काय लागतं? सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार, आणि करणाऱ्याची समज शाबूत. नोंदणी सक्तीची नाही. आम्ही तरी केली. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात, तसा अर्ज केला आणि डॉक्टरांचा दाखला त्याच आठवड्याचा घेतला. प्रश्नोत्तरं मोबाइलवर चित्रित केली. एक साक्षीदार जुने सर, दुसऱ्या शेजारच्या काकू. त्या वेळी मावशींना मुद्दाम घराबाहेर बसवलं, उद्या ‘हिनं दाबून अंगठा घेतला’ असं कुणी म्हणू नये म्हणून.

बँकेत तीन फेऱ्या झाल्या. साहेब म्हणायचे भाच्याला घेऊन या. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा माणूस, असा घेऊन पैसे देण्याची सोय रिझर्व्ह बँकेनं करून ठेवलेली आहे, ती दाखवल्यावर काम झालं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यालाही बँकेचा माणूस घरी आला. नॉमिनी म्हणून मावशींचं नाव लावलं. तो फॉर्म मी स्वतः भरला आणि नात्याच्या जागी ‘मैत्रीण’ लिहिलं. कारकुनानं वाचलं, काही बोलला नाही, शिक्का मारला. एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. फक्त हे लक्षात ठेवावं की नॉमिनी पैसे घेणारा असतो, मालक नसतो. सर्वोच्च न्यायालयानं हे १९८३ पासून सांगितलंय. विम्यात २०१५ नंतर नॉमिनीच मालक होऊ शकतो, पण तो आई-बाप, नवरा-बायको किंवा मूल असेल तरच. म्हणून मैत्रिणीला नॉमिनी करून थांबायचं नाही, मृत्युपत्रातही तेच लिहायचं.

दवाखान्यासाठी वेगळा कागद केला. ‘माझ्या उपचाराचे निर्णय मला घेता आले नाहीत तर यांना विचारा’ असं पत्र, दोन साक्षीदार, नोटरी. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शेवटच्या आजारातल्या उपचारांविषयीचं इच्छापत्र नोटरीसमोर करण्याइतकं सोपं केलं, त्याच धर्तीवर. पण अशा पत्राला काउंटरवर मान मिळेलच अशी खात्री मी देत नाही. विचित्र असं की मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्ये ही सोय स्वच्छ आहे : साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून कुणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमा, नातं विचारत नाहीत. असा कागद करून बाई मनोरुग्ण विभागात दाखल झाल्या असत्या तर मावशींना अधिकार होता. लकवा झाला म्हणून नव्हता. जे एका विभागात जमतं ते शेजारच्या विभागात का जमू नये?

हे सगळे कागद उलट बाजूनंही केले. मावशींना काही झालं तर बाईंना विचारा, म्हणून. मावशींनी सही केली, आडवीतिडवी. ती त्यांना बाईंनीच शिकवलेली.

जे जमलं नाही

पेन्शन. बाई पुढं गेल्या तर पेन्शन थांबेल. नवरा असता तर त्याला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळालं असतं, मग त्यानं बाईंना उभ्या आयुष्यात एक कप चहा करून दिलेला नसला तरी. यावर कागद करून उपाय नाही, नियमच बदलावा लागेल. मृत्युपत्र, पत्र, नॉमिनी ही सगळी धडपड आपण लग्न झालेल्यांना फुकट मिळणाऱ्या गोष्टी एकेक करून विकत आणण्यासाठी करतो, आणि ज्याला वकील परवडतो तोच करतो. ‘आधी कागद का नाही केले’ असं मावशींना विचारणाऱ्यांना मी विचारते, तुम्ही केलेत का?

आणि रेशन कार्ड. मावशींचं नाव अजून गावाकडं भावाच्या कार्डावर. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा मावशींनी अर्ज भरला. योजनेत कुटुंबातली एकच अविवाहित महिला बसते. त्यांच्या भाचीनं आधीच अर्ज केला होता, एकवीस पूर्ण झालेली, लग्न न झालेली. कार्ड हेच कुटुंब धरलं गेलं आणि मावशींचा अर्ज पडला. ज्या घरात त्या अठ्ठावीस वर्षं राहत नाहीत, तिथल्या ‘दुसऱ्या अविवाहित’ म्हणून. संजय गांधी योजनेत पस्तिशीपुढच्या अविवाहित बाईला जागा आहे, पण तिथं ती येते ‘निराधार’ म्हणून आणि वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा एकवीस हजार. खिचडीच्या मानधनाचे तेव्हा महिना अडीच हजार, दहा महिने, म्हणजे पंचवीस हजार. मावशींनी ‘निराधार’ हा शब्द ऐकला आणि म्हणाल्या, “बाई हायेत की. निराधार कशी?”

मग आम्ही मावशींचं नाव भावाच्या कार्डावरून कमी करून बाईंच्या कार्डावर चढवण्याचा अर्ज केला. त्यात रकाना : ‘कुटुंबप्रमुखाशी नाते’. समलिंगी जोडीदारांना रेशन कार्डासाठी एकाच घरातले समजावं, असं केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यांना कळवलेलं आहे. एका तरुण सहकाऱ्यानं सुचवलं, ते पत्र लावू. मी थांबवलं. ते पत्र लावायचं तर या दोघींना आपण एकमेकींच्या कोण हे तहसीलच्या खिडकीवर आधी जाहीर करावं लागेल. त्यांनी ते मलाही कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मैत्रिणी असतील, अजून काही असेल. घर एक आहे, चूल एक आहे, दुखण्यात कोण उठतं ते ठरलेलं आहे. सरकारला रेशन द्यायला याहून जास्त काय माहीत असायला हवं, हे मला खरंच कळत नाही.

त्या रकान्यात आम्ही ‘सोबत’ असं लिहिलं. पहिल्या वेळी अर्ज परत आला, ‘नाते स्पष्ट करावे’ असा शेरा मारून. दुसऱ्यांदा शपथपत्र, वीजबिलं आणि नगर परिषदेच्या घरपट्टीच्या पावत्या जोडल्या. पावत्यांवर नाव बाईंचं, पण ‘रक्कम भरणार’ या जागी एकोणीस वर्षं मावशींची ती आडवीतिडवी सही आहे. अर्ज सध्या तहसीलमध्ये आहे.